बनगावचे मीठ-साखरेचे पाणी

१९७१च्या जूनमध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव या सीमेलगतच्या गावात सरकारी रुग्णालयाच्या दोन खोल्या कॉलराच्या रुग्णांनी भरून गेल्या होत्या. खाटा केव्हाच संपल्या होत्या. माणसे फरशीवर एकमेकांना खेटून पडली होती आणि सलाईन लावायचे तर डॉक्टरला जुलाब-उलट्यांनी भिजलेल्या त्याच फरशीवर गुडघे टेकून बसावे लागत होते. कोलकात्याहून आलेले बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनोबीस यांच्या पथकात शिरेतून सलाईन देण्याचे शिक्षण घेतलेली माणसे होती फक्त दोन. ४८ तासांत त्यांच्या लक्षात आले, की ही लढाई आपण हरत आहोत. सलाईनच्या बाटल्या संपत चालल्या होत्या आणि सीमेपलीकडून येणारी माणसे काही थांबत नव्हती.

तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात मार्च १९७१मध्ये लष्करी कारवाई सुरू झाली आणि लोक भारताकडे निघाले. वर्ष संपेपर्यंत निर्वासितांची संख्या जवळजवळ एक कोटी झाली. त्यांपैकी सुमारे ६८ लाख माणसे आठशेहून अधिक छावण्यांत होती. उरलेली नातेवाइकांकडे, ओळखीपाळखीच्या लोकांकडे, मिळेल तिथे राहिली. भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नव्हती, आजही केलेली नाही. तरीही सीमा उघडी राहिली. तो काळ पाहिलेल्या वाचकांना टपालावर लावावे लागणारे पाच पैशांचे जादा तिकीट आठवत असेल. ते याच निर्वासितांच्या मदतीसाठी होते.

मे-जून म्हणजे बंगालमधल्या पावसाची सुरुवात. दिवसेंदिवस चालून थकलेली, अर्धपोटी माणसे, उघड्यावरचे शौच, तळ्या-डबक्यांचे पाणी. कॉलरा पसरायला आणखी काही लागत नाही.

जुन्या पिढीला ‘पटकी’ या नावाने माहीत असलेला हा आजार कसा मारतो, हे आधी समजून घ्यायला हवे. कॉलराचे जंतू आतड्याला जखम करत नाहीत, रक्तातही शिरत नाहीत. ते एक विष सोडतात आणि त्या विषामुळे आतड्याच्या अस्तरातील पेशी क्षार व पाणी आतड्याच्या पोकळीत सतत सोडू लागतात. जणू कोणी नळ उघडून ठेवला आहे आणि तो बंद करता येत नाही. तीव्र कॉलरात प्रौढ माणसाच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. डोळे खोल जातात, बोटांच्या टोकांवर सुरकुत्या पडतात, आवाज बसतो, नाडी लागेनाशी होते. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत दगावतो. मात्र गेलेले पाणी आणि क्षार वेळेवर भरून काढले, तर तोच माणूस चार-पाच दिवसांत पायांनी चालत घरी जातो. कारण रोग आपोआप ओसरतो. प्रश्न असतो तोवर जिवंत राहण्याचा.

पन्नास किलोच्या माणसाची परिस्थिती गंभीर होते तेव्हा त्याच्या शरीरातून साधारण पाच लिटर पाणी गेलेले असते. म्हणजे निव्वळ तूट भरायला अर्ध्या लिटरच्या दहा बाटल्या. जुलाब चालूच असतात, त्यासाठी आणखी वेगळ्या. एका रुग्णाचा हा हिशेब, आणि बनगावच्या आसपास लाखो निर्वासित होते.

तोंडाने पाणी पाजून हे भागेल का, हा प्रश्न वैद्यकशास्त्राला नवा नव्हता. साधे पाणी किंवा नुसते मिठाचे पाणी दिले तर आतडे ते शोषत नाही, हे माहीत होते. मात्र आतड्याच्या पेशीवर एक असा दरवाजा असतो, जो सोडियम आणि ग्लुकोज दोघे बरोबर आले तरच उघडतो. ही दोघे आत गेली की त्यांच्यामागोमाग पाणीही जाते. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६०मध्ये ही कल्पना मांडली. पुढे जे कळले ते महत्त्वाचे होते : कॉलराचे विष बाकी सगळी गडबड करते, पण या दरवाजाला हात लावत नाही. नळ वाहत असला तरी मागचे दार उघडे राहते. त्या दारातून मीठ आणि ग्लुकोज योग्य प्रमाणात आत पाठवले, तर पाणी परत भरता येते.

१९६८मध्ये ढाक्यातल्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण अमेरिकन डॉक्टरांनी हे रुग्णांवर दाखवून दिले. तोंडाने द्रावण दिलेल्या रुग्णांना शिरेतून द्यायच्या सलाईनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली. कोलकात्यातही असेच काम चालू होते आणि महालनोबीस त्यात होते. पण ही सगळी कामे रुग्णालयातली. कॅनव्हासच्या खाटेला मधोमध भोक, खाली बादली, बादलीतला जुलाब मोजून तेवढेच द्रावण पाजायचे, शेजारी प्रशिक्षित परिचारिका, मागे प्रयोगशाळा. हे द्रावण तज्ज्ञांच्या नजरेखालीच द्यावे, असे बहुतेकांचे मत होते. चुकीचे मिसळले गेले तर? मीठ जास्त पडले तर? रुग्ण उलटी करत राहिला तर? या शंका पोकळ नव्हत्या. मीठ खरोखरच जास्त पडले तर लहान मुलाच्या मेंदूला इजा होऊ शकते.

बनगावात यांतले काहीच नव्हते. मोजायला बादल्या नव्हत्या, परिचारिका नव्हत्या, आणि शंका घेत बसायला वेळही नव्हता.

महालनोबीस यांनी कोलकात्यातल्या आपल्या संस्थेत पाकिटे तयार करायला लावली. घटक तीनच : एक लिटर पाण्यासाठी २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम साधे मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा. पोटॅशियमही हवे होते, पण ते वगळले. कृती जितकी साधी, तितकी चूक कमी. भुकटी तोलून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायची, गरम इस्त्रीने पिशवीचे तोंड बंद करायचे आणि वर किती लिटर पाण्यात मिसळायची ते लिहायचे : काही पिशव्या चार लिटरच्या, काही सोळा लिटरच्या. बनगावला हे द्रावण ड्रममध्ये कालवले जाई. रुग्णाच्या सोबत असलेली आई, भाऊ, सासरा, जो कोणी असेल तो पेल्याने त्यातून घेई आणि रुग्णाला पाजत बसे. जितके जाईल तितके पाजायचे, उलटी झाली तरी थोडे थांबून पुन्हा पाजायचे, एवढीच सूचना. बेशुद्ध किंवा नाडी हरवलेल्या रुग्णांसाठी उरलेले सलाईन राखून ठेवले. त्यांना आधी शिरेतून, शुद्धीवर आले की तोंडाने.

सुरुवातीला लोकांचा विश्वास बसेना. जीव वाचवायचा तर सुई आणि बाटली हवी, पेल्यातल्या पाण्याने काय होणार? तेव्हा त्या द्रावणाला नाव दिले गेले ‘तोंडाने घ्यायचे सलाईन’. सलाईन हा शब्द सगळ्यांनी ऐकलेला होता, त्याचा दबदबा होता. नाव बदलले आणि पाणी प्यायले जाऊ लागले. (डॉक्टरी व्यवसायात अर्धे काम औषधाचे आणि अर्धे शब्दाचे असते, हे खेड्यात काम केलेला कोणताही डॉक्टर सांगेल.)

जूनच्या अखेरीपासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत बनगावच्या केंद्रात ३,७०० हून अधिक रुग्णांवर उपचार झाले. मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्के राहिले. त्यातही एका तंबूत ते एक टक्क्याच्या आसपास होते. फक्त सलाईनवर अवलंबून असलेल्या ठिकाणी त्याच काळात शंभरातले पंचवीस-तीस रुग्ण दगावत होते.

जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. धीमान बरुआ छावणी पाहायला आले आणि प्रभावित होऊन गेले. पण सगळेच तसे नव्हते. हा लेख अखेर छापून यायला १९७३ उजाडले, आणि तोही जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या नियतकालिकात. आक्षेप असा, की हा शास्त्रीय प्रयोगच नाही. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेले नाहीत, तुलनेसाठी नियंत्रण गट नाही, कोणी किती प्यायले याची मोजदाद नाही. तांत्रिकदृष्ट्या हे खरे आहे. छावणी उभारल्याची बातमी पसरली की लोक आजाराच्या सुरुवातीलाच येऊ लागतात आणि मग कमी आजारी रुग्णांमुळेही मृत्यूदर खाली आलेला दिसतो. दुसऱ्या छावणीशी केलेली तुलना पूर्णपणे निर्दोष नसते. हे सगळे मान्य करूनही प्रश्न उरतोच : सलाईन संपलेले असताना नियंत्रण गटाला काय द्यायचे होते? नुसते पाणी? निर्वासित हा असा माणूस असतो, की ज्याला ‘नाही’ म्हणायला दुसरी जागा नसते. त्याच्यावर कसले प्रयोग करावेत आणि कसले करू नयेत, हा प्रश्न या क्षेत्रातल्या संशोधकांना आजही सुटलेला नाही. बनगावने मात्र एक गोष्ट केली. कामाच्या त्या रगाड्यातही आलेला, बरा होऊन गेलेला आणि मेलेला प्रत्येक माणूस नोंदला. ती वही नसती, तर पुढचे काहीच घडले नसते. पाच वर्षांनी, १९७८मध्ये ‘लॅन्सेट’ने या उपचाराला शतकातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरवले.

मोजणे का महत्त्वाचे, हे पाहायला फार लांब जायची गरज नाही. बनगावपासून काही तासांच्या अंतरावर, कोलकात्याच्या पूर्वेला साल्ट लेकच्या भराव घातलेल्या मोकळ्या जमिनीवर दुसरी एक प्रचंड छावणी होती. तिथे दोन लाखांहून अधिक निर्वासित राहत होते. त्या छावणीत १९७१च्या अखेरीस अंगावर फोड येणारा आजार दिसू लागला. त्याला कांजिण्या म्हणून सोडून दिले गेले. लसीकरणही तिथे नेटाने झालेले नव्हते. प्रत्यक्षात तो आजार होता देवी.

इथली गुंतागुंत नीट पाहण्यासारखी आहे. निर्वासित आले की रोग घेऊन येतात, अशी समजूत सर्वत्र असते. पण देवीचा शेवटचा रुग्ण पूर्व पाकिस्तानात ऑगस्ट १९७०मध्ये सापडला होता. लोक निघाले तेव्हा त्यांच्या देशात देवी नव्हती. भारतात ती होती. त्यांनी देवी आणली नाही, ती त्यांना इथे आसरा घेताना लागली. डिसेंबर १९७१मध्ये युद्ध संपले, बांगलादेश झाला आणि जानेवारीपासून छावण्या रिकाम्या होऊ लागल्या. साल्ट लेकची माणसे आगगाडीने, मालमोटारींनी, पायी आपापल्या जिल्ह्यांत परतली आणि देवी त्यांच्याबरोबर गेली. नव्या, उद्ध्वस्त देशात १९७२मध्ये देवीचे दहा हजारांवर रुग्ण नोंदले गेले, १९७३मध्ये तीस हजारांवर. ती साथ आटोक्यात आणायला आणखी दोन-तीन वर्षे गेली. देवीच्या तीव्र प्रकाराचा जगातला शेवटचा नैसर्गिक रुग्ण ऑक्टोबर १९७५मध्ये सापडला. रहीमा बानू नावाची ती छोटी मुलगी बांगलादेशातल्याच भोला बेटावरची होती.

एकाच राज्यात, एकाच वर्षी, एकाच लोकांच्या दोन छावण्या. एकीत कोणीतरी वही घेऊन बसले होते. दुसरीत निदान करायला कोणी नीट पाहिलेच नाही.

पुढच्या दशकांत छावणीतले मृत्यू मोजणे ही एक स्वतंत्र विद्याशाखा झाली. १९७९मध्ये थायलंडच्या सीमेवर साकेओ इथे कंबोडियातून आलेल्या निर्वासितांसाठी छावणी उभी राहिली, तेव्हा पहिल्या काही दिवसांतच साथरोगतज्ज्ञांनी मृत्यूंची रोजची नोंद सुरू केली. सोमालिया, सुदान, इथिओपियातल्या छावण्यांत हीच पद्धत गेली. मायकेल टूल आणि रोनाल्ड वॉल्डमन या दोघांनी अशा आकडेवारीची संगती लावली आणि त्यातून जे निघाले ते अनेकांना अनपेक्षित होते. निर्वासितांना मारणारे आजार परके, गूढ असे काही नव्हते. गोवर, जुलाब, न्यूमोनिया, मलेरिया आणि या सगळ्यांच्या मागे कुपोषण. म्हणजे आपल्याकडच्या कोणत्याही तालुक्याच्या रुग्णालयात रोज दिसणारेच आजार. फरक इतकाच, की ते दाटीवाटीत आणि एकदम येतात.

यातून काही नियम तयार झाले, जे आज जगभर वापरले जातात. छावणीत दहा हजार माणसांमागे दिवसाला एकापेक्षा जास्त मृत्यू होत असतील, तर ती आणीबाणी समजायची. पहिल्याच दिवसांत मुलांना गोवराची लस द्यायची, ताप आला की नाही याची वाट पाहायची नाही. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी. वीस माणसांमागे एक संडास. हे आकडे वाचायला रूक्ष वाटतात. पण यांतल्या प्रत्येक आकड्याच्या मागे कुठल्या तरी छावणीच्या बाहेर खणलेल्या, मोजलेल्या कबरी आहेत.

आणि तरीही ज्ञान असणे आणि ते वेळेवर वापरले जाणे यांत अंतर राहतेच. जुलै १९९४मध्ये रवांडातल्या वंशसंहारानंतर काही दिवसांतच पाच ते आठ लाख माणसे सीमा ओलांडून तेव्हाच्या झैरेमधल्या गोमा शहरात आली. ज्वालामुखीच्या कठीण खडकाळ जमिनीवर संडास खणता येईनात, कबरीही खणता येईनात. पाण्यासाठी किवू सरोवर. कॉलरा आला, पाठोपाठ रक्ती हगवण आली. पहिल्या महिन्याभरात जवळजवळ ५० हजार माणसे गेली. जगभरातल्या मदतसंस्था तिथे होत्या, दूरचित्रवाणीचे कॅमेरे होते, विमानांनी साहित्य येत होते. मीठ-साखरेच्या पाण्याचा शोध लागून पाव शतक झाले होते.

त्या वेळी ढाक्यातल्या त्याच जुन्या कॉलरा प्रयोगशाळेच्या वारसदार संस्थेचे एक पथक गोमाला गेले. १९७१मध्ये ज्या देशातून लोक पळाले, त्या देशाचे डॉक्टर आता दुसऱ्या निर्वासितांना वाचवायला आले होते. त्यांनी जे पाहिले ते १९९५मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. गोमातल्या एका उपचार केंद्रात एका दिवशी तर आलेल्या रुग्णांपैकी ४८ टक्के दगावले होते. कारणे? पाणी भरून काढण्याचा वेग फार कमी होता. शिरेतून दिले जाणारे द्रावण चुकीच्या प्रकारचे होते. तोंडाने पाजण्याकडे पुरेसे लक्ष नव्हते. सुरुवातीला सुचवलेल्या प्रतिजैविकांना तिथले जंतू दाद देत नव्हते. आणि तीव्र कॉलरा हाताळण्याचा अनुभव असलेले कर्मचारी कमी होते. थोडक्यात, सुई-बाटलीवरचा तोच भरवसा आणि पेल्याबद्दलचा तोच संशय. जे बनगावच्या आईला जमले होते, ते करून घ्यायला इथे कोणी तिच्याशेजारी बसले नव्हते. गोमानंतर मदतसंस्थांनी आपल्या कामाची कठोर तपासणी केली आणि १९९७मध्ये मदतकार्याच्या किमान दर्जाची ‘स्फिअर’ नावाची नियमावली आकाराला येऊ लागली.

शहाणपण कधीकधी वेळेवरही येते. ऑगस्ट २०१७पासून म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशातल्या कॉक्स बझार जिल्ह्यात आले. बांबू आणि ताडपत्रीच्या झोपड्या डोंगरउतारावर एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. कॉलराला याहून सोयीची जागा नाही. मात्र या वेळी साथीची वाट न पाहता ऑक्टोबरमध्येच तोंडाने द्यायच्या कॉलरा लशीची मोहीम झाली आणि पहिल्याच फेरीत सुमारे सात लाख लोकांना डोस दिले गेले. कॉलराची मोठी साथ आली नाही. आला तो घटसर्प. नोव्हेंबरपासून त्याचे हजारो संशयित रुग्ण सापडले. तरुण डॉक्टरांपैकी कित्येकांनी हा आजार फक्त पुस्तकात पाहिला होता. तो आला, कारण मायदेशात या मुलांपर्यंत नेहमीचे लसीकरण पोहोचलेच नव्हते. निर्वासिताच्या आरोग्याचा इतिहास त्याने सीमा ओलांडली त्या दिवशी सुरू होत नाही.

इथे एका समजुतीची पुन्हा तपासणी करायला हवी, कारण ती धोरणे ठरवते. स्थलांतरित म्हणजे आजारी, आरोग्यसेवेवर बोजा, असे गृहीत धरून कित्येक देश त्यांच्याशी वागतात. २०१८मध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगाने स्थलांतर आणि आरोग्यावरचे संशोधन एकत्र केले. दीड कोटीहून अधिक आंतरराष्ट्रीय स्थलांतरितांची आकडेवारी एकत्र पाहता त्यांचा मृत्यूदर यजमान देशातल्या लोकांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाला. याचे एक कारण सोपे आहे : दूरदेशी जायला निघतो तो बहुधा घरातला धडधाकट माणूस. ही आकडेवारी मुख्यतः श्रीमंत देशांतली आहे. छावणीतल्या निर्वासितांना ती जशीच्या तशी लावता येत नाही, आणि संसर्गजन्य आजारांच्या बाबतीत चित्र वेगळे होते. पण जे स्वतः साथीचे बळी असतात त्यांनाच साथीचे कारण ठरवायची घाई किती चुकीची असते, हे साल्ट लेकच्या देवीने अर्ध्या शतकापूर्वीच दाखवले होते.

बनगावच्या पाण्याचे पुढे काय झाले? १९७८मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अतिसार नियंत्रणाचा कार्यक्रम हाती घेतला आणि ही पाकिटे देशोदेशी गेली. बांगलादेशात १९८०पासून ब्रॅक या संस्थेच्या स्त्रिया घरोघर गेल्या आणि चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी एवढ्यात द्रावण कसे करायचे हे त्यांनी एकेका आईला तिच्याच चुलीशी बसून शिकवले. दहा वर्षांत एक कोटीहून अधिक घरे झाली. आपल्याकडे या पाण्याला ‘जलसंजीवनी’ हे सुरेख नाव मिळाले. महालनोबीस ऑक्टोबर २०२२मध्ये गेले. पुढच्या प्रजासत्ताक दिनी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले तेव्हा बहुतेकांनी त्यांचे नाव पहिल्यांदाच ऐकले. त्यांचा जन्मही सीमेपलीकडचाच, किशोरगंजचा.

हे सगळे होऊनही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) जुलाब झालेल्या मुलांपैकी जलसंजीवनी मिळालेली मुले होती ६०.६ टक्के. म्हणजे दहांतल्या चौघांना ती मिळालीच नाही. का मिळाली नाही, याचा शोध घेणारा एक अभ्यास २०२४मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. कर्नाटक आणि बिहारमधल्या दोन हजारांहून अधिक खासगी दवाखान्यांत संशोधकांनी रुग्णाच्या पालकाच्या वेषात माणसे पाठवली. पाकिटांचा तुटवडा, औषध विकून मिळणारा फायदा ही कारणे निघाली, पण छोटी. सगळ्यांत मोठे कारण वेगळेच होते : लोकांना हे पाणी नको असते, त्यांना ‘खरे औषध’ हवे असते, असे डॉक्टरांनी मनाशी धरून ठेवलेले असते. पालकाने स्वतःहून जलसंजीवनीचे नाव काढले, तर ती लिहून देण्याचे प्रमाण चांगलेच वाढत होते.

तेव्हा नाव काढावे. मुलाला जुलाब सुरू झाले की जलसंजीवनी मागावी आणि पहिल्याच पातळ जुलाबापासून द्यावी. एक लिटरचे पाकीट असेल तर पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम मिसळावे. अर्धे आता, अर्धे नंतर असे करू नये. पाकिटावर कमी पाण्याचे प्रमाण लिहिलेले असेल, तर तेवढेच पाणी घ्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मिठाच्या बाबतीत हात आखडता. केलेले द्रावण २४ तासांनी टाकून द्यावे. दुकानात मिळणारी गोड, रंगीत, फळांच्या चवीची पेये म्हणजे जलसंजीवनी नव्हे. त्यांत साखर फार असते आणि तिने जुलाब वाढतात. सोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंक, आणि बाळाचे दूध, खाणे चालू ठेवायचे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करावे. मूल मलूल झाले, पिईनासे झाले, डोळे खोल गेले, जुलाबात रक्त दिसले किंवा लघवी बंद झाली, तर मात्र वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. आणि रिक्षात बसल्यावरही, ते पिऊ शकत असेल तर, पाजणे थांबवू नये.